तिसरा टोल

वालेरियनचा सत्तरावा वाढदिवस बोटीवर करायचा, ही टूम मुळात रोझालियाची. पण बोटीवरच्या बावीस माणसांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं, आणि तिला तेच हवं होतं.

ईस्टरच्या जेवणानंतर भांडी विसळता विसळता तिने वालेरियनच्या नातीच्या, कालिनाच्या, कानात एवढंच सोडलं होतं, "तुझ्या आजोबांनी आख्खी नोकरी या कालव्यावर बोट हाकण्यात घालवली गं. आणि सत्तरी काय टीव्हीसमोर बसून करायची?" पोरगी वीस वर्षांची, पायाला भिंगरी लावलेली. पुढचं सगळं तिने केलं. बोट ठरवली, पाहुणे बोलावले, साठ थरांचा, झाडाच्या बुंध्यासारखा उभा केक सांगितला, आणि आजोबांना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. वालेरियनला कळलं तेव्हा तो एल्ब्लाँगच्या धक्क्यावर उभा होता. अंगात नवा कोट, समोर फुगे लावलेली बोट आणि सुकाणूपाशी त्याचाच मुलगा रोमान. म्हातारा एकदम पांढरा पडला. लोकांना वाटलं, भारावला. तो कशाने पांढरा पडला ते एकट्या रोझालियाला माहीत होतं.

गेल्या एकतीस वर्षांत बारा मेला वालेरियन याच कालव्यावरच्या ओल्शिनाच्या चढावर एकदाही गेला नव्हता. नोकरीत होता तेव्हा त्या दिवशी हटकून रजा टाकायचा. वाढदिवस आहे, घरी पाहुणे येतात, म्हणायचा. आज त्याला नेमकं तिथेच जायचं होतं, मुलानातवंडांसकट, आणि नाही म्हणायला एकही सबब उरली नव्हती.

रोझालिया त्याची वहिनी, थोरल्या भावाची, झेनोनची बायको. झेनोनला जाऊन चार वर्षं झाली होती. बोटीच्या मागच्या बाकावर काळा कोट घालून, मांडीवर पर्स घट्ट धरून ती बसली होती, आणि मनातल्या मनात आजचे शब्द पुन्हा पुन्हा घोकत होती. एकतीस वर्षं तिने दिरावर डूख धरला होता. आज त्याचा सूड उगवायचा होता.

"वहिनी!" वालेरियनने पुढून हाक मारली. दोन पेले पोटात गेल्यावर त्याचा रंग परत आला होता. "अहो, तिकडे कोपऱ्यात काय बसलाय दिवसकार्याला आल्यासारख्या? इकडे या. धुरावलेला ईल मासा आहे, तोंडाला चव येईल."

"माझ्या तोंडाला चव आहे भावजी. तुम्ही तुमचं बघा."

"ऐकलंत?" तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "जन्मात एक गोड शब्द नाही! आमच्या वहिनी म्हणजे काकडीचं लोणचं. जितकं मुरतं तितकं आंबट."

सगळे खो खो हसले.

"आणि तितकंच टिकतं, भावजी," रोझालिया म्हणाली. मग ते आणखीच हसले. वालेरियन मात्र पेल्याकडे बघत राहिला.

हा माणूस असाच. लग्न असो, मयत असो, चार माणसं भोवती जमवून हसवणार. झेनोनच्या मातीलासुद्धा सगळ्यात मोठं फुलचक्र याचं, आणि सगळ्यात मोठा हुंदकाही याचाच. रोझालियाने तेव्हा दातओठ खाऊन स्वतःला आवरलं होतं. एका हाताने गळा कापायचा आणि दुसऱ्याने फुलं वाहायची! तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं, याला असं सोडायचं नाही.

काय झालं होतं ते सांगायला हवं. या कालव्यात पाच ठिकाणी टेकडी आडवी येते, आणि तिथे बोट पाण्यातून निघून चक्क गवतावरून वर चढते. आता यात नवल कसलं, दीडशे वर्षं चाललंय. पाण्याखाली रुळांवर लोखंडी गाडा असतो. बोट त्यावर येऊन टेकते, दोरवाला ती चारी बाजूंनी बांधतो, मग काठावर टांगलेल्या लोखंडी पत्र्यावर तीन टोले देतो. वर चाकघरातला माणूस ते ऐकून पाणचाकावर पाणी सोडतो. चाक फिरतं, तार ओढली जाते आणि गाडा बोटीला घेऊन वर निघतो. त्याच वेळी दुसऱ्या रुळांवरून दुसरा गाडा खाली येतो. चाकघरातून खालचं काही दिसत नाही, मध्ये झाडं आहेत. सगळी भिस्त कानावर. म्हणून टोले दोरवाल्यानेच द्यायचे, दुसऱ्या कुणी पत्र्याला हात लावायचा नाही, हा नियम.

तेव्हा ओल्शिनाच्या चाकघरात झेनोन होता. दोरवाला होता विन्सेंती, आणि त्याची बायको इर्मिना चढाच्या पायथ्याशीच राहायची. वालेरियन बोटीवर कप्तान. बारा मेची सकाळ, धुकं एवढं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. बोट रिकामी, एकटा वालेरियन वर. विन्सेंती गाड्याच्या पुढच्या बाजूला वाकून दोर आवळत होता, आणि गाडा हलला. बोट तिरकी झाली, आणि विन्सेंती बोट आणि लोखंड यांच्यात सापडला. त्याला बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. झेनोन म्हणाला, टोले वाजले. वालेरियन म्हणाला, टोले वाजलेच नाहीत. आणि इर्मिनाने सांगितलं, माझ्या नवऱ्याचे टोले मला झोपेतही कळतात, ते वाजले नाहीत. झालं! झेनोनने टोल नसताना पाणी सोडलं, डुलकी लागली असेल, आदल्या रात्री घेतली असेल. त्याला दोन वर्षं तुरुंग झाला. बाहेर आल्यावर त्याला कुणी चाकाजवळ उभं केलं नाही. उरलेला जन्म त्याने दूधडेअरीच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकण्यात काढला.

गावाने काय केलं ते रोझालियाला विचारा. ती दुकानात शिरली की बोलणं थांबायचं. इर्मिना चर्चमध्ये तिच्या रांगेतून उठून पलीकडच्या रांगेत जाऊन बसली ती कायमची. समोरासमोर आली की रस्त्याच्या मधोमध थुंकायची. "खुन्याची बायको," एकदा म्हणाली होती, भर बाजारात, मोठ्याने.

खरं काय ते झेनोनने घरात सांगितलं होतं. चौकशीत नाही, फक्त घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.

"टोले वाजले गं रोझा. पण हात विन्सेंतीचा नव्हता. वालेरियनचा होता."

"कशावरून?"

तेव्हा त्याने पातेल्याचं झाकण उचललं आणि चमच्याने वाजवून दाखवलं. टण् टण् आणि मग जरा थांबून, उशिरा, टण्. "लहानपणी मी शेतात असलो की आई त्याला पाठवायची मला जेवायला बोलवायला. एवढं मोठं झाकण आणि हा एवढासा. दोन टोले दिले की झाकण हातातून निसटायचं. ते सावरून मग तिसरा. ती सवय त्याच्या हाताला जन्माची लागली. पहिल्या दोन टोल्यांना मी ओळखलं. हसूसुद्धा आलं मला. म्हटलं, वाढदिवसाची घाई झालीय पोराला."

"मग सांगितलं का नाहीस तिथे? भाऊ म्हणून?"

झेनोन गप्प बसला. तो कायमच गप्प बसला. भावासाठी स्वतःचं आयुष्य जाळून घेतलंन माझ्या नवऱ्याने, असं रोझालिया धरून चालली, आणि ज्याच्यासाठी जाळलं तो कप्तानाची टोपी मिरवत हिंडला, याने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मुलगी दानुता चौदा वर्षांची होती तेव्हा. तुरुंगातून सुटून आल्यावर झेनोन रोज संध्याकाळी तिच्यासमोर झाकण वाजवायचा. हा कुणाचा हात सांग? आणि हा? वेगवेगळ्या दोरवाल्यांचे हात, आणि अधूनमधून तो उशिराचा तिसरा टोल. रोझालिया चुलीपाशी उभी राहून ऐकायची. तिला वाटायचं, बाप लेकीला वैरी ओळखायला शिकवतोय. पुढे काळ बदलला, जुने साहेब गेले, आणि दानुता त्याच ओल्शिनाच्या चाकघरात नोकरीला लागली. आज एकोणीस वर्षं ती चाक सांभाळत होती.

आजच्या बेताचं रोझालियाने दानुतालासुद्धा सांगितलं नव्हतं. लेक मवाळ, बापावर गेलेली. जाऊ दे ना आई, म्हणाली असती.

बेत साधा होता. दरवर्षी बारा मेला अकराच्या सुमारास इर्मिना चढाच्या पायथ्याशी येते, पाण्यात फुलांचं चक्र सोडते. ती तिथे असेल. वालेरियनला तिच्यासमोर टोल द्यायला लावायचा. इर्मिनाने चौकशीत आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी कुणी मनावर घेतली नाही. नवऱ्याचे टोले वाजले नाहीत, पण कुणीतरी डबा बडवल्यासारखं काहीतरी वाजलं होतं, असं ती म्हणाली होती. तो डबा आज तिला पुन्हा ऐकवायचा होता.

बोट तिसऱ्या वळणाला लागली. दोन्ही बाजूंना बोरू, पुढे हिरवी टेकडी आणि तिच्यावरून वर गेलेले रूळ. रोमानने वेग कमी केला. बोट सावकाश गाड्यावर जाऊन टेकली आणि काठावरून सेवेरिन, आताचा दोरवाला, दोर घेऊन पुढे आला. पन्नाशीचा, बेताचं बोलणारा माणूस.

काठावर विलोच्या झाडाखाली इर्मिना उभी होती. डोक्याला रुमाल, हातात फुलांचं चक्र. फुगे बघून तिने तोंड फिरवलं.

रोझालियाने कालिनाला कोपराने ढोसलं. "अगं, आजोबांना टोल द्यायला लाव ना आज. शोभेल सत्तरीला."

कालिनाने टाळ्याच पिटल्या. "आजोबा! टोल तुम्ही द्यायचा! चला, चला!"

"छे, छे," वालेरियन म्हणाला. "ते काम सेवेरिनचं. नियम आहे."

"नियम!" रोझालिया गोड आवाजात म्हणाली. एवढा गोड आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "भावजी, तुम्ही कधीपासून नियम पाळायला लागलात? अरे सेवेरिन, बोट बांधून झाली ना? तू इथेच उभा आहेस. म्हाताऱ्याची एवढी हौस पुरव की."

सेवेरिनने दोराची शेवटची गाठ ओढून पाहिली, वालेरियनकडे पाहिलं, मग खांदे उडवले. "वाजवा हवं तर. वरची बाई काय करते ते बघूच."

रोझालियाने ते नीट ऐकलंही नाही. तिचे डोळे इर्मिनावर होते.

आता बावीस माणसं "वाजवा, वाजवा" करून ओरडत होती. वालेरियनला फळीवरून काठावर उतरावं लागलं. हातात हातोडा घेऊन तो पत्र्यासमोर उभा राहिला. मान वळवून त्याने रोझालियाकडे पाहिलं. रोझालिया हसली. तेव्हा त्याला कळलं, ही टूम कुणाची ते.

त्याने एक टोल दिला, हळू. थांबला. दुसरा तसाच, मोजून मापून.

"आजोबा, काय हे! जोरात ना!" कालिना ओरडली. "पहिल्यापासून!"

मग मात्र हात हाताच्या वळणाने गेला. टण् टण्. आणि मग जरा थांबून, उशिरा, टण्.

इर्मिना पाण्याकडे वाकली होती. ती तशीच थांबली. मग सावकाश सरळ झाली आणि वळली.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.

"कशाला उगाच, इर्मिना," वालेरियन म्हणाला. "गंमत होती पोरांची."

"पुन्हा वाजव म्हणते ना!"

बोटीवरचा गलका थांबला. वालेरियनने पुन्हा वाजवलं. का वाजवलं देव जाणे, पण वाजवलं, आणि तिसरा टोल पुन्हा तस्साच उशिरा पडला.

"मी कांद्याच्या वाफ्यात होते," इर्मिना म्हणाली. ती कुणाशीच बोलत नव्हती. "खुरपं हातात होतं. हेच ऐकलं मी. चौकशीत सांगितलं तर साहेब म्हणाले, बाई, डब्याचं इथे काय काम."

रोझालिया फळीवरून काठावर कशी आली ते तिचं तिला कळलं नाही. बहात्तर वर्षांचे गुडघे, पण आज कुरकुरले नाहीत. "ऐकलंस ना?" ती म्हणाली. "ऐकलंस ना इर्मिना? हाच हात! एकतीस वर्षं मी समोर दिसले की तू थुंकलीस. ती थुंकी इथे टाकायची होती, याच्या तोंडावर! बोला भावजी. आज तुमचा वाढदिवस. तुमची पोरं आहेत, सुना आहेत, नातवंडं आहेत. सांगा त्यांना त्या दिवशी पत्रा कुणी वाजवला!"

"आजोबा?" कालिना म्हणाली.

वालेरियनच्या हातातून हातोडा गवतावर पडला. नेहमीसारखं काहीतरी बोलून माणसं हसवायला तो तोंड उघडेल असं रोझालियाला वाटलं, आणि तसं केलं तर हा हातोडा उचलून याच्या कपाळात घालीन, असंही वाटलं. पण तो हसला नाही.

"मी वाजवला," तो म्हणाला. "धुकं होतं. घरी पाहुणे यायचे होते. मी ओरडलो, झालं का रे? विन्सेंती काहीतरी बोलला, मला वाटलं, झालं म्हणाला. मी उतरून वाजवला. मग चौकशीत... मग धीर झाला नाही, इर्मिना. चूक माझी. सगळी माझी."

सुकाणूपाशी रोमान उभा होता तसा मटकन खाली बसला. कुणाच्या तरी हातातून पेला पडून फुटला.

हा क्षण! या क्षणासाठी ती जगली होती. लोकांनी बोलणं टाकलं, झेनोन खोकत खोकत गेला, देवावरून मन उडालं, तरी याच एका क्षणासाठी ती सकाळी उठून चूल पेटवत राहिली होती. वालेरियनची सून तोंडाला रुमाल लावून रडत होती. रडा म्हणावं. आम्हीही रडलोय. रोझालियाला आत गार गार वाटलं.

"वहिनी," वालेरियन हलक्या आवाजात म्हणाला. "झालं ना तुमच्या मनासारखं? आता इथेच थांबा. पुढे काही बोलू नका. तुमच्या पाया पडतो."

"घाबरलात?" ती कडाडली. "एवढ्यात घाबरलात? नाही थांबणार! अजून माझ्या माणसाचं नाव धुवून निघायचंय. तुमच्या मुलाबाळांना कळू दे तो कसा होता ते. ऐक इर्मिना, माझा झेनोन झोपला नव्हता. प्यालेला नव्हता. चांगला जागा होता, कान टवकारून होता. पहिल्या दोन टोल्यांनाच ओळखलं त्याने, की हा विन्सेंतीचा हात नाही, वालेरियनचा आहे! घरी येऊन सांगितलं मला. झाकण वाजवून दाखवलं. भावाला वाचवायला तोंड शिवून बसला, म्हणून चौकशीत बोलला नाही. एवढा देवमाणूस, आणि तुम्ही त्याला खुनी म्हणालात!"

वालेरियनने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात वरून, रुळांच्या कडेच्या पायवाटेने, कुणीतरी भराभरा खाली येताना दिसलं. दानुता. निळा डगला, हाताला तेल, श्वास चढलेला.

"कोण वाजवतंय?" ती लांबूनच ओरडली. "सेवेरिन, शुद्धीवर आहेस ना? हा हात तुझा नव्हता. एकदा वाजला, मी थांबले. दुसऱ्यांदा वाजला. चाकाला अडसर घालून आले मी. कितीदा सांगितलंय, दुसऱ्याच्या हातावर मी पाणी सोडत नाही म्हणून!"

"वाटलंच होतं मला," सेवेरिन पुटपुटला. "वरची बाई सोडायची नाही म्हणून."

दानुता जवळ आली, आणि काका, आई, इर्मिना अशी एकेकाची तोंडं बघून जागीच उभी राहिली. बांधलेली बोट गाड्यावर तशीच उभी होती.

इर्मिनाने दानुताकडे पाहिलं. मग रोझालियाकडे. तिच्या कपाळावर एक आठी पडली. हिशेब चुकतोय, कुठे ते कळत नाही, अशी ती आठी होती. मग तिला कळलं. रोझालियाला ते कळताना दिसलं.

"तुझ्या झेनोनने हात ओळखला होता?" इर्मिना म्हणाली.

"ओळखला होता."

"विन्सेंतीचा नाही, हे त्याला कळलं होतं?"

"कळलं होतं," रोझालिया म्हणाली.

"मग त्याने पाणी का सोडलं?"

नियम रोझालियाला पाठ होता. टोले दोरवाल्याने द्यायचे. एकतीस वर्षं तिने तो वालेरियनच्या बाजूने वाचला होता, त्याने पत्र्याला हात का लावला म्हणून. वर बसलेल्या माणसाला कान कशासाठी दिलाय, हे तिने स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. झेनोनचा तो तल्लख कान ती अंगावर दागिना मिरवावा तशी मिरवत आली होती.

"दानुता," इर्मिना म्हणाली. "हे तुला कुणी शिकवलं? दुसऱ्याच्या हातावर सोडायचं नाही, हे?"

दानुताने आईकडे पाहिलं. "इर्मिनामावशी, जाऊ दे ना आता."

"कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

"काय म्हणाला तो?"

दानुताला खोटं बोलता येत नसे. लहानपणीही येत नसे. ती तेलाचे हात डगल्याला पुसत राहिली. "म्हणाले, हात ओळखीचा असला तरी नाही. ओळखीचा असला तर मुळीच नाही. सख्ख्या भावाचा असला तरी नाही, म्हणाले. रोज म्हणायचे. झाकण वाजवायचे, मी हात ओळखायची, आणि मग विचारायचे, सोडशील? मी नाही म्हटलं की डोक्यावरून हात फिरवायचे. आई, मला वाटलं तुला माहितेय. तू तिथेच तर असायचीस."

तिथेच असायची. पाठमोरी, चुलीपाशी. तिने कान दिले होते ते फक्त टोल्यांना.

रोझालियाने आधारासाठी हात पुढे केला तर तो वालेरियनच्या हाताला लागला. तिने तो झटकला. मग खाली गवतावर बसली.

"तुम्हाला माहीत होतं," ती त्याला म्हणाली.

"तुरुंगात भेटायला गेलो होतो. सांगून टाकतो म्हटलं. तो म्हणाला, तुझा हात ओळखून पाणी मीच सोडलं, माझा हात काय सुटणार आहे त्यातून? एकाच्या घरात चूल पेटती राहू दे. मला तेवढंच हवं होतं, वहिनी. मी लगेच हो म्हटलं." वालेरियन नाक पुसत म्हणाला. "म्हणून म्हटलं होतं, इथेच थांबा."

इर्मिनाने पाण्याजवळ जाऊन फुलांचं चक्र सोडलं. ते गाड्याच्या लोखंडाला लागलं, फिरलं आणि बोरूकडे निघालं. ती वळून आली. रोझालियासमोर उभी राहिली. थुंकेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती थुंकली नाही. रुमालाची गाठ तिने हनुवटीखाली घट्ट केली.

"एकतीस वर्षं मी एकाला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "बरं केलंस सांगितलंस. आता दोघांना घालीन."

आणि ती आपल्या घराकडे चालू लागली. फाटकाचा आवाज झाला तेवढाच.

मागून दुसरी बोट आली होती. तिच्यावरची माणसं काय झालं म्हणून विचारत होती. कालव्यावर कुणाचंही काही झालं तरी रस्ता अडवून ठेवता येत नाही. दानुताने आईला उठवलं, फळीवरून बोटीत चढवलं, बाकावर बसवलं आणि काही न बोलता पायवाटेने वर गेली. वालेरियन येऊन समोरच्या बाकावर बसला, कारण दुसरीकडे त्याला कुणी जागा दिली नाही. दोघांच्या मध्ये टेबलावर केक होता, न कापलेला. कालिना बोटीच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती, दोघांकडेही पाठ करून.

सेवेरिनने दोर पुन्हा एकदा तपासले. गवतातून हातोडा उचलला.

एक. दोन. तीन. तिन्ही सारख्या अंतराने, सारख्या जोराने. वरच्या झाडांमागे पाणी सुटल्याचा आवाज आला, तार ताणली गेली आणि बोट पाण्यातून निथळत बाहेर निघाली.

रोझालियाला वाटलं होतं, या चढावर आज ती ताठ मानेने बसेल. आता ती पर्स धरून बसली होती, आणि तिच्या कानात दुसराच टोल वाजत होता. झेनोन हसला होता. त्यानेच सांगितलं होतं, हसू आलं म्हणून. धुक्यात एकटा बसलेला, तरफेवर हात, आणि खालून आईच्या घरची ती हाक आली. टण् टण्. तिसऱ्या टोलाची वाटसुद्धा त्याने पाहिली नसेल. जेवायला बोलावलं की तो नेहमीच लगेच उठायचा.

दुसरा गाडा शेजारच्या रुळांवरून रिकामा खाली गेला. वालेरियनने सवयीने हात वर करून त्याला सलाम केला, मग तो हात कुठे ठेवावा ते न कळून मांडीवर ठेवला. रोझालिया त्या हाताकडे बघत राहिली. अजूनही तिला तो तोडून टाकावासा वाटत होता. पण आता एक हात तोडून भागणार नव्हतं, आणि दुसरा तिने स्वतः चार वर्षांपूर्वी छातीवर नीट जुळवून पुरला होता.